अर्ध्यावर सोडलेली सेराफिमा

सेराफिमानं दार उघडलं की नाही हे कळल्याशिवाय मरायचं नाही, असं ग्लाफिरा आंद्रेयेव्नानं मनाशी पक्कं ठरवलं होतं.

सेराफिमा ही काही तिच्या नात्यातली नव्हे. ती तिच्या जावयाच्या कादंबरीतली बाई. प्लातोन निकानोरोविच ओझेरिनची ती कादंबरी मासिकातून महिन्याच्या महिन्याला येत होती आणि मॉस्कोतली भली भली माणसं अंकाच्या वाटेकडे डोळे लावून बसत होती. तरुणपणी सेराफिमाच्या होणाऱ्या नवऱ्याच्या हातून एका गोदामाला आग लागते, माणूस मरतो. होणाऱ्या नवऱ्याला वाचवायला ती कोर्टात शपथेवर खोटं बोलते आणि सख्ख्या भावाला सैबेरियात धाडते. पुढं नवरा न्यायाधीश होतो, ती जिल्ह्यातली मानाची बाई होते. आणि एका हिवाळ्यात, नवऱ्याच्या नामदिनाची, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवसाची, मेजवानी मांडून ती चहाच्या समोवारपाशी बसलेली असताना तिला खिडकीतून दिसतं, अंगणात बर्फात भाऊ उभा आहे. ती कप खाली ठेवते आणि उठते.

तिथं अंक संपला. पुढचा अंक आला तो कादंबरीशिवाय. त्याच्या पुढचाही. मग संपादकानं बारीक टायपात दिलगिरी छापली आणि मॉस्कोभर बातमी झाली, की ओझेरिनला धर्माचं वेड लागलंय.

"वेड कसलं," ग्लाफिरा शेजारणींना ठणकावून सांगायची. "माझा जावई आहे तो. वेड असतं तर लग्नाआधीच दिसलं असतं." पण आतून तिलाही धाकधूक होतीच. अशी तीन वर्षं गेली आणि एका सप्टेंबरात मुलीची चिठ्ठी आली: आई, ये. मी एकटी पुरी पडत नाही.

ग्लाफिरानं टोप्यांचे दोन डबे, स्वतःची उशी आणि मुरंब्याच्या बरण्या बांधल्या आणि आगगाडी धरली.

कालुगाकडच्या त्या लहानशा स्टेशनावर जावई स्वतः उभा होता. गुडघ्यापर्यंत लोंबणारा शेतकरी सदरा, कमरेला दोरी, पायांत झाडाच्या सालीच्या वहाणा. दाढी छातीवर आलेली. मागं एक उघडी बैलगाडीसारखी घोडागाडी, तिच्यात गवत.

"जावईबापू, गाडीवान कुठाय?"

"मीच, आई."

"आणि तुमचा तो लोकरीचा कोट? मी दिलेला?"

"एकानं मागितला. दिला."

"मग तो एक आता कोट घालून कुठं मिरवतोय?"

"गुत्त्यात असेल बहुतेक. एव्हाना कोटसुद्धा पिऊन टाकला असेल त्यानं." आणि प्लातोन हसला.

ते हसू ऐकून ग्लाफिराचा जीव भांड्यात पडला. पूर्वी तो तिच्या मुलीला, लीपाला, मागणी घालायला आला होता तेव्हा बाह्यांना शाईचे डाग होते, खिशाला भोक होतं, आणि तिच्या कर्नल नवऱ्यानं सरळ नाही म्हटलं होतं. तिनंच नवऱ्याला वळवलं. कारण एवढंच, की जेवताना ह्या माणसानं तिला इतकं हसवलं होतं, की सूप नाकात गेलं होतं. त्या दिवसापासून हा तिचा लाडका. पोटच्या पोरांहून काकणभर जास्तच. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

घर मात्र ओळखू येईना. बैठकीतला पियानो गावच्या शाळेत गेलेला. गालिचे गेलेले. जेवणात राळ्याची लापशी, काकडी, काळा पाव. मांस म्हणाल तर वासही नाही. नोकरमाणसांना पुढच्या पोटापाण्याची तजवीज करून प्लातोननं मोकळं केलं होतं. राहिली होती ती एकटी म्हातारी फेतिन्या, स्वयंपाकीण.

"मलाही मोकळं केलं म्हणे," फेतिन्या ग्लाफिरापुढं हात नाचवत म्हणाली. "मी म्हटलं, मालक, मोकळं व्हायचं तर तुम्ही व्हा. मला कामं पडलीत. तर म्हणतात कसे, फेतिन्या, आपण दोघं बरोबरीचे. मी म्हटलं, बरोबरीचे असू तर माझ्या चुलीत लुडबूड करू नका. तेव्हापासून भांडी घासायला येतात. खरं सांगू बाईसाहेब? चांगली घासतात."

लीपाचं तोंड उतरलेलं होतं. कधी काळची गुबगुबीत, गाणारी पोर. आता गालांची हाडं वर आलेली. आईजवळ बसली आणि भडाभडा बोलत सुटली.

"कोर्टात ज्यूरी म्हणून बोलावलं, तर शपथ घ्यायची नाही म्हणाले. दंड झाला. धर्मावर पत्रकं लिहून वाटतात, ती वाचून पाद्री येतो, रडतो, जातो. रस्त्यानं जाणारा भिकारी दिसला की आणतात घरात, पाय धुतात त्याचे, माझ्या चादरीवर झोपवतात. उवा मी काढते. आणि आता म्हणतात, पोरांना मॉस्कोच्या शाळेतून काढायचं. तिथं नुसता माज शिकवतात. नांगर धरू दे."

"तू काय म्हणालीस?"

"मला कोण विचारतंय, आई? ते सगळ्या जगाशी बोलतात. माझ्याशी बोलायचं राहून जातं."

ग्लाफिरानं त्याच दिवशी जावयाला मळ्यात गाठलं. तो बटाटे खणत होता. तिनं बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "हं, सांगा. काय झालंय तुम्हाला?"

प्लातोननं कुदळ टेकवली. "आई, तुम्ही ख्रिस्ताचं डोंगरावरचं प्रवचन ऐकलंय ना? चर्चमध्ये?"

"जन्मभर ऐकतेय."

"मीही ऐकलं. रागावू नका. शपथ घेऊ नका. वाइटाला वाइटानं उत्तर देऊ नका. मागेल त्याला द्या. ऐकायचं, छातीवर क्रूसाची खूण करायची, घरी येऊन जेवायचं. भाऊ माझ्या मांडीवर गेला, त्या हिवाळ्यात झोप लागेना म्हणून पुन्हा वाचायला घेतलं. आणि एकदम लक्षात आलं, हा माणूस हे खरंच म्हणतोय! शोभेसाठी नाही म्हणत. करा म्हणतोय."

"अहो पण सगळ्यांनीच ते खरंखरं करायचं म्हटलं तर मग चर्च कशाला?"

"तेच म्हणतो मी."

ग्लाफिरानं घाईघाईनं क्रूस केला. ती थट्टेत म्हणाली होती. तिचा देव देवचित्रांत होता, मेणबत्त्यांच्या वासात होता, ईस्टरच्या रंगवलेल्या अंड्यांत होता. असा कुदळ घेऊन चिखलात उतरलेला देव तिच्या ओळखीचा नव्हता. तिनं विषय बदलला.

"ते असू दे. सेराफिमानं दार उघडलं का?"

प्लातोन पुन्हा खणू लागला. "आई, ती बाई नव्हतीच कधी."

"नव्हती कशी? माझ्या दोन्ही सुनांपेक्षा मी तिला जास्त ओळखते."

"मी तिच्या भावासाठी अख्ख्या रशियाला रडवत होतो ना, त्याच वर्षी आमच्या गावचा एक शेतकरी लाकडं तोडली म्हणून तुरुंगात गेला. लाकडं माझी. तक्रार कारभाऱ्यानं लिहिली, खाली सही माझी. मी वाचलीसुद्धा नाही. चौथं प्रकरण हातात होतं, त्यात गुंतलो होतो." तो वाकून माती चाळत राहिला. "खोट्या माणसांसाठी आसवं, आणि खऱ्यांसाठी वेळ नाही. नको ते, आई. पुन्हा विचारू नका."

तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. तो हसून टाळत राहिला. ग्लाफिराला चीड आली ती ह्याचीच. पूर्वी हा माणूस भांडायचा, टेबलावर मूठ आपटायचा, मग अर्ध्या तासानं दारात फुलं घेऊन उभा राहायचा. आता काही म्हणा, गोड हसतो. दगडाला पाझर फुटेल, पण ह्याला राग फुटेना.

मग दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. शाळेच्या मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. प्लातोननं त्यांना मुलं काढून घेतो असं कळवून टाकलं होतं, लीपाला न सांगता. लीपानं एक शब्द न बोलता शाल गुंडाळली आणि ती मॉस्कोला निघून गेली. आणि फेतिन्या भाचीच्या लग्नाला शेजारच्या गावी गेली, जाताना बाईसाहेबांसाठी खारवलेल्या अळंब्यांचं मडकं पुढं काढून ठेवून. लापशीला कंटाळलेल्या जिभेनं ग्लाफिरानं त्या अळंब्या खाल्ल्या. मनसोक्त खाल्ल्या.

दुपारी पोटात कळ आली. मग जे सुरू झालं ते थांबेना. वर आणि खाली, दोन्हीकडून. घरात बाईमाणूस नाही. डॉक्टर वीस कोसांवर. ग्लाफिरानं दाराला आतून खुर्ची लावली आणि जावई दारापलीकडून हाका मारत असताना ओरडून सांगितलं, "येऊ नका आत! मरू दे मला इथं, पण येऊ नका!"

खुर्ची सरकली आणि तो आत आला.

त्यानं तिला उचलून कोरड्या बाजूला ठेवली. चादर काढली, भांडं उचललं, बाहेर नेऊन ओतलं, धुऊन आणलं. कोमट पाणी आणलं. तिचं तोंड पुसलं, हात पुसले, पुसायचं ते सगळं पुसलं. पुन्हा भांडं भरलं, पुन्हा नेलं. असं संध्याकाळपर्यंत किती वेळा झालं, कोण मोजतंय. मधे एकदा त्यानं ओटाची पातळ पेज करून आणली आणि चमच्याचमच्यानं पाजली.

ग्लाफिरा तोंड भिंतीकडं करून रडत होती. कर्नलची बायको ती. नवऱ्यासमोरसुद्धा केस न विंचरता कधी आली नव्हती. "जावयानं सासूची घाण काढायची... कुठं फेडू हे मी..."

"आई, यात काय फेडायचं? भांडं आहे. भरलं की ओतायचं." तिचा पाय पांघरुणाबाहेर आला होता तो त्यानं आत सारला. "तुमचे पाय गार पडलेत. माझे लोकरीचे मोजे घालतो. ते अजून कुणी मागितले नाहीत."

ती रडतारडता हसली, आणि पोटात पुन्हा कळ आली.

हे त्यानं सोंग म्हणून केलं असतं तर तिला क्षणात कळलं असतं. सोंगं ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. पण त्याच्या हातांत घाई नव्हती, आणि उपकारही नव्हता. भिकाऱ्यांचे पाय धुतो म्हणून ती त्याच्यावर मनात हसली होती. आज तिला समजलं, की ज्याचे पाय धुतले जातात त्याला ते कसं लागतं. तिच्या त्या मेणबत्त्यांतल्या देवानं एवढ्या वर्षांत असा तिच्या अंगाला हात लावला नव्हता. हा विचार मनात आला तशी ती घाबरली आणि तिनं पांघरुणातच क्रूस केला. पण विचार गेला नाही.

दोन दिवसांनी ती उठून बसली. स्वयंपाकघरातल्या उबेला, उशा लावून. प्लातोन समोर तिपाईवर बसून बटाटे सोलत होता. फेतिन्या अजून लग्नातच होती. रशियन लग्न एकदा लागलं की कधी संपेल ह्याचा नेम नाही.

"प्लातोन," ती म्हणाली. आज 'जावईबापू' नाही. "तुमच्या त्या प्रवचनात काय आहे? मागेल त्याला द्यायचं ना?"

"हो, आई."

"जो कोट मागेल त्याला कोट. जो लाकडं मागेल त्याला लाकडं."

"हो."

"तिथं असं लिहिलंय का, की सासू सोडून?"

प्लातोननं मान वर केली.

"मी मागते. मला सेराफिमा द्या."

बटाटा त्याच्या हातातून बादलीत पडला. तो आधी हसला, मग त्यानं ओल्या हातांनी तोंड झाकून घेतलं. "आई, तुम्ही पाद्री व्हायला हवं होतं."

"दाढी आली नाही म्हणून राहिलं. सांगा."

त्यानं सांगायला सुरुवात केली. सेराफिमा उठते, दार उघडते, बर्फात धावत जाते, भावाच्या पायांवर लोळण घेते. रडते. त्याच रात्री सगळं गरिबांना वाटून टाकते आणि इस्पितळात रोग्यांची सेवा करायला निघून जाते. तो भराभर सांगत होता, डोळे बटाट्यावर, पाठ केलेला धडा म्हणावा तसा.

ग्लाफिरा ऐकत होती. तिचे ओठ हळूहळू आवळत गेले.

"ही कोण?"

"सेराफिमा."

"ही? अहो, ती बिशपपुढं मान अर्धीच वाकवायची. तुम्हीच लिहिलंत. ती बर्फात लोळण घेईल? आणि रडताना रुमाल कुठं ठेवलाय तेही विसरेल? ही सेराफिमा नव्हे. ही तुमची पत्रकं आहेत. ज्यांच्यावर पाद्री रडतो ती. बाईच्या तोंडात पत्रकं कोंबू नका!"

"मग काय करायचं तिनं?" प्लातोन एकदम उठला. तिपाई उलटली. "तुम्हाला मजा हवी! तिनं पाप करावं, तुम्ही उशीला टेकून मुरंबा खावा! माणसानं पालटूच नये की काय? कुठल्याच माणसानं?" त्यानं सुरी पाटावर उभी रोवली आणि दार असं आपटलं, की देवचित्रापुढचा दिवा हेलकावे खाऊ लागला.

ग्लाफिरा तशीच बसून राहिली. खिडकीतून तो दिसत होता. लाकडं फोडत होता. एकेक घाव असा, की ओंडक्याचा काही जुना गुन्हा असावा. आपण जरा जास्तच बोललो, तिच्या मनात आलं. पण खरं तेच बोललो, हेही आलं.

बऱ्याच वेळानं तो आत आला. केसांत ढलप्या अडकलेल्या.

"आई, मी रागावलो. माफ करा."

"माफ कसलं! मला केवढं बरं वाटलं. इतके दिवस तुम्ही एवढे गोड होतात, मला वाटलं माझा जावई हरवला की काय."

त्यानं तिपाई सरळ केली आणि बसला. सुरी उपटून हातात घेतली, पण सोलेना.

"खरं सांगू? ती काय करते हे मलाच ठाऊक नाही. आधी ठरवलं होतं, ती उठते ती पडदा ओढायला. भाऊ निघून जातो. ती मेजवानीला हसतमुख बसते. तसं लिहिलंसुद्धा. फार चांगलं उतरलं होतं. वाचलं, आणि वाटलं, हे खरं असेल तर मी जगायचं कशाला? ते फाडलं. मग प्रवचन सापडलं. म्हटलं, आता ती धावत जाईल. पण ती धावत नाही, आई. मी मागून ढकलतो, ती हलत नाही. माझा ख्रिस्तावर विश्वास आहे आणि माझी एक बाई त्याच्या बाजूला एक पाऊल टाकत नाही. तेव्हा म्हटलं, खोटं आहे सगळं, कादंबऱ्या खोट्या, सोडून द्यावं."

"म्हणजे त्या लाकूडतोड्यासाठी नाही सोडलंत."

"त्याच्यासाठीही." त्यानं सुरी बोटांत फिरवली. "पण हिच्यासाठी जास्त."

ग्लाफिरानं त्याच्या केसांतली एक ढलपी काढली. "ढकलू नका तिला. तिचं ती जाईल. कप खाली ठेवलाय तिनं. उठलीय. कुठं जाते?"

प्लातोननं डोळे मिटले. चुलीत लाकूड तडतडलं.

"खिडकीशी नाही जात," तो हळू म्हणाला. "दाराशी जाते. रागानं. म्हणजे, तिला राग आलाय, की तो आजच का आला. मेजवानीच्या दिवशी."

"आलाच असेल. मग?"

"कडी गार आहे. ती काढते. तो पायरीवर उभा. दाढीत बर्फ, पायांना चिंध्या. दोघं बघतात एकमेकांकडं. तिला शब्द सुचत नाही. मग ती म्हणते..." त्याचे डोळे उघडले, आणि त्यांत नवलच होतं. "ती म्हणते, पाय पूस."

"हो!" ग्लाफिरानं उशीवर हात मारला. "हो! तेच म्हणेल ती!"

"फरशी आत्ता पुसलीय, म्हणते. आणि तो हसतो. कारण त्यांची आई हेच म्हणायची, ह्याच आवाजात. तो खाली बसतो, चिंध्या सोडतो, पाय पुसतो. ती बघत उभी. त्याची दोन बोटं नाहीत. गारठ्यानं गेलेली. ती काही विचारत नाही. कप भरते, पुढं ठेवते. साखरेचे खडे किती, तेवढं मात्र विचारते."

आता तो सांगत होता तसं पूर्वी जेवणाच्या टेबलावर सांगायचा. हात हालत होते, सुरी हवेत फिरत होती. मागं दार वाजलं, गार वारा आत आला; कुणाचं लक्ष गेलं नाही. लीपा मॉस्कोहून आली होती. अंगावर शाल, हातात पिशवी, ती उंबऱ्यातच थबकली.

"भाऊ म्हणतो, सेराफिमा, मला ठाऊक होतं. कोर्टात तू माझ्याकडं न बघता बोललीस, तेव्हाच कळलं. ती म्हणते, मग आलास कशाला? तो म्हणतो, चहाला. आणि खरंच, त्याला दुसरं काही नको असतं. तो कप संपवतो आणि निघायला लागतो. ती जाऊ देत नाही. पण माफीही मागत नाही. जीभ वळत नाही तिची. त्याला वरच्या खोलीत नेते, नवऱ्याचा सदरा देते, स्वतः त्याचे केस कापते. संध्याकाळी पाहुणे येतात. पोलीसप्रमुख, जमीनदार, सगळा जिल्हा. ती भावाला आपल्या उजव्या हाताला बसवते. नवरा पांढराफटक. आणि पोलीसप्रमुखाची बायको विचारते, हे कोण बाई, ह्यांना कधी पाहिलं नाही. सेराफिमा मासळीची ताटली हातात घेऊन उभी असते. ती म्हणते, हा माझा भाऊ. मी खोटी साक्ष देऊन ह्याला सैबेरियाला पाठवलं होतं. घ्या ना, मासळी घ्या."

ग्लाफिराच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं.

"आणि पुढं?" ती म्हणाली.

"पुढचं सोपं आहे. ते कुणीही लिहील."

"उघडलं तर तिनं दार," ग्लाफिरा म्हणाली. "मला वाटलंच होतं."

तेव्हा दारातून हुंदका ऐकू आला. लीपा तिथंच पेटीवर बसली होती, पिशवी मांडीवर.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "तीन वर्षं मी ह्या घरात तुमच्या शेजारी झोपतेय. पहिल्या प्रकरणापासून सगळी सेराफिमा मी माझ्या हातानं उतरवून काढली. आणि शेवट सांगितलात तो आईला."

"तू कधी मागितलं नाहीस, लीपा," प्लातोन गोंधळून म्हणाला.

"बायकोनं मागायचं असतं?"

ती ओरडली नाही. हळूच म्हणाली. पण ग्लाफिरानं तिच्या हयातीत जेवढी प्रवचनं ऐकली होती, त्यांत ह्या एका वाक्याएवढं वजनदार काही नव्हतं. तिला तिथून उठून जावंसं वाटलं, पण पायांत त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं.

प्लातोन बायकोकडं बघत राहिला. ह्या माणसानं गावच्या चौकात उभं राहून, त्या लाकूडतोड्यापुढं गुडघे टेकून माफी मागितली होती. लोक अजून सांगतात. तो आता दोनदा तोंड उघडून मिटून घेत होता. शेवटी तो उठला, तिच्याजवळ गेला, खाली बसला आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. बूट चिखलानं भरले होते.

"मुलं शाळेतच राहू देत," तो नाडीशी खटपट करत म्हणाला. "तुला विचारल्याशिवाय मी लिहायला नको होतं. चुकलं माझं."

"गाठ ओढू नका, आवळते ती," लीपा म्हणाली. "अशी नाही. थांबा, मी दाखवते."

ग्लाफिरानं तोंड चुलीकडं फिरवलं.

सगळं काही सुरळीत झालं असं नव्हे. कादंबरी त्यानं लिहिली नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. लीपानं त्यावरून खूप अबोले धरले. भिकारी येत राहिले, उवा येत राहिल्या. फरक इतकाच, की आता उवा काढायला तोही बसायचा. फेतिन्या लग्नाहून परतली आणि अळंब्यांची हकीकत ऐकून तिनं मडक्याची नव्हे, ग्लाफिराच्या पोटाची चूक काढली. रविवारी ती लीपासाठी लहान पातेल्यात कोंबडी शिजवू लागली, आणि मालक शेजारी बसून लापशी खात, कोंबडीकडं न बघण्याचा प्रामाणिक प्रयत्न करत. दुपारच्या वेळी तो लीपाला कधी कधी काहीबाही सांगायचा. तिच्या हातात शिवण, त्याच्या हातात बटाटे. लीपा मधेच त्याला थांबवून म्हणायची, "हे असं नाही होणार," आणि तो वाद घालायचा. भिंतीपलीकडं पडल्यापडल्या ग्लाफिराला त्यांचे आवाज ऐकू यायचे, चढलेले आणि मग उतरलेले, आणि तिला गाढ झोप लागायची.

ऑक्टोबरात रस्ते पुरते बिघडायच्या आत ती निघाली. प्लातोन गाडी हाकत होता. पहिलं दहिवर पडलं होतं, चाकांखाली गोठलेल्या चिखलाची पापुद्री कडकड मोडत होती. वाटेत एक म्हातारी यात्रेकरू बाई लागली. पाठीला झोळी, हातात काठी, मठाकडं निघालेली. प्लातोननं लगाम ओढला.

"बसा, आजी."

"अहो!" ग्लाफिरा कळवळली. "ती माझ्या टोप्यांच्या डब्यावर बसेल!"

म्हातारी ओशाळली. "नको बाई, मी चालीन. तुमची कशाला गैरसोय."

"चालीन काय चालीन! तुमचे पाय बघा कसे सुजलेत." ग्लाफिरा गवतात सरकली, डबे मांडीवर घेतले. "या इकडं. डब्याला धक्का नको. माझ्या अंगाला टेका. कांदा खाल्लाय का तुम्ही?"

"खाल्ला, बाई."

"मग तोंड पलीकडं करा."

प्लातोन पुढं बघत होता, पण त्याचे खांदे हसण्यानं हलत होते.

"तुम्ही घोड्याकडं लक्ष द्या, जावईबापू," ग्लाफिरा म्हणाली.

गाडी निघाली. थोड्या वेळानं म्हातारीचा डोळा लागला आणि तिचं डोकं, कांद्याच्या वासासकट, ग्लाफिराच्या खांद्यावर आलं. ग्लाफिरानं शालीचं टोक तिच्या अंगावर ओढलं. हाताला मुंग्या आल्या, पण स्टेशन येईपर्यंत तिनं खांदा हलवला नाही.